होकार

सार्जंटबरोबर एक ढोलवाला होता, एक कारकून,
आणि एक लंगडं टेबल, ज्याच्या पायाखाली त्यांनी
आमच्याच कुंपणातला दगड सरकवला.
मार्च महिना, पंधरा साल. लोक चर्चमधून बाहेर पडत होते.
मला इंग्रजी यायचं. पोस्टातल्या आत्याकडे राहून शिकलेलं,
तिकिटं, वजनं, अमेरिकेहून आलेल्या मनिऑर्डरी,
एवढ्यापुरतंच.
म्हणून मला टेबलाशी उभं केलं.
वय सोळा. पायात रविवारचे बूट.

सार्जंट बराच वेळ बोलला. बेल्जियम म्हणाला.
बेल्जियम आर्ड-ना-गीत कुणाला ठाऊक?
मी सांगितलं : छोटासा देश आहे,
शेजाऱ्याने त्याचा बांध कोरला.
मग सगळ्यांना कळलं.
म्हातारा कोरमॅक म्हणाला, असा शेजारी आम्हालाही आहे,
त्याच्याशी लढायचं असेल तर विचार, काठी आणतो.
लोक हसले.
सार्जंटला वाटलं, भाषण रंगलं.

मग बार्टला पुढे आला.
माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, कानात अजून वाळू.
नाव?
बार्टला, टाइगचा, टाइग डोनलचा, डोनल खडकावरचा.
आमच्यात नाव असं पणजोबांच्या दारापर्यंत चालत जातं.
कारकुनाने लिहिलं, बार्थोलोम्यू.
पुढे जागा उरली नाही.

विचार त्याला, सार्जंट म्हणाला, स्वखुशीने येतोयस का?

आता, आमच्या भाषेत 'हो' नाही.
म्हणजे तसा शब्दच नाही. 'नाही'सुद्धा नाही.
जाशील? जाईन.
पाहिलंस? पाहिलं नाही.
जे क्रियापद विचारलं तेच परत करायचं,
उसनं पीठ परत करतात तसं, त्याच वाटीने.
आणि खुशी आम्ही करत नाही, ती अंगावर असते.
दुःखही. कोटासारखं.
म्हणून मी विचारलं,
बार्टला, जायची खुशी तुझ्या अंगावर आहे का?

तो हसला नाही. हिशेब सांगितल्यासारखं बोलला.
म्हणाला, शेवाळाला यंदा भाव नाही.
होडी दुकानदाराकडे पडून आहे, सतरा शिलिंगांसाठी.
आई रात्री खोकते, मग आम्ही सगळे जागे.
गेलो तर तिला आठवड्याला पैसे मिळतील म्हणतात,
ते खरं आहे का, तू पोस्टात असतेस, तुला माहीत असेल.
खुशी?
अंगावर हा एकच कोट आहे, सैव, तोही बापाचा.

सार्जंट माझ्याकडे बघत होता.
ढोलवाला कातडं ताणत होता.

मी म्हटलं, यस.

एवढंच. एक शब्द.
त्याने फुली मारली. नीट मारली,
दोन्ही काड्या सारख्या.

आईचे पैसे आले, ते खोटं नव्हतं.
दर सोमवारी मीच मोजून द्यायचे.
होडी सुटली. तिला डांबर लागलं. वल्हवायला कुणी नव्हतं.

बदामी लिफाफा ऑक्टोबरात आला.
ब्रीजने तो माझ्यापुढे धरला, ओले हात पुसून.
मी वाचलं. बार्थोलोम्यू, इथपर्यंत वाचलं.
ती म्हणाली, कोण गं हा?
आमच्यात नाही कुणी या नावाचा. चुकून आलंय.
मग छातीवर क्रूस काढला,
अरेरे, म्हणाली, असेल कुणा आईचा,
देव त्याला जागा देवो.

आणि मला तिला सांगायचं होतं.

ती माझं तोंड बघत राहिली. चुलीत पीट धुमसत होतं.
खूप वेळाने तिने विचारलं, येईल का तो?

त्या भाषेत आडोसा नाही.
मान हलवली तर म्हणतात, तोंडाने बोल.
तिचंच क्रियापद उचलून
तिच्याच ओंजळीत ठेवावं लागलं.

येणार नाही.